खालाचा मोडलेला रोजा

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात खालाच्या शब्दाबाहेर वाफसुद्धा जात नसे. अडतीस वर्षं ती तिथली मुख्य स्वयंपाकीण. नाकावर माशी बसू देणारी नव्हे, आणि बसलीच तर माशीलाही चार शब्द ऐकवून पाठवणारी. दीडशे रुग्णांचं सूप रोज तिच्या हाताखालून जाई, आणि वर्षातला रोज्यांचा महिना ती तेच सूप जिभेला थेंब न लावता करी. मीठ पडलं की नाही ते तिला वासावर कळे. तरी खात्रीसाठी चव बघायला भाजी चिरणारी होती. तिला सगळे चिमणी म्हणत, कारण खाणं चिमटीभर आणि चिवचिव दिवसभर.

पहिल्याच रोज्याच्या सकाळी अक्रीत घडलं. ढवळता ढवळता खालाने सवयीने पळी उचलली, तळहातावर सूप घेतलं आणि तोंडाला लावलं. चिमणीच्या हातातलं गाजर तिथंच थांबलं. "खाला, रोजा," ती म्हणाली, आणि अख्खं स्वयंपाकघर खालाच्या तोंडाकडे बघत राहिलं.

खालाने घोट गिळला, पदराने ओठ टिपले आणि काही झालंच नाही अशा थाटात सांगितलं, की विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही. तो घास अल्लाने भरवला म्हणायचं आणि पुढे चालायचं.

आहारवालीने लगेच वही उघडली. ही नवी आलेली आहारतज्ज्ञ. कुणाला किती ग्रॅम काय द्यायचं ते ठरवायची, म्हणून तिचं नाव पडलं आहारवाली. पोरगी हुशार, पण प्रश्न फार. पाणीही चालत नाही का? नाही, पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत थेंबही नाही. मग आंघोळ, दात घासणं? खुशाल. थुंकी गिळली तर? खाला म्हणाली, सारखी थुंकत बसायला ती काय गळका नळ आहे? आणि नुसतं पोट उपाशी ठेवून भागत नाही. खोटं, चहाडी, शिवीगाळ केली की रोजा आतून पोकळ होतो, हातात राहते ती नुसती भूक. यावर चिमणीने विचारलं, म्हणजे महिनाभर खाला आमच्यावर ओरडणार नाही? ओरडणं कामात मोडतं, असं खालाने तिला तिथल्या तिथे सांगून टाकलं.

मग आहारवालीने आजाऱ्यांचं विचारलं. खाला म्हणाली, आजारी, प्रवासी, बाळंतीण, सगळ्यांना सूट. बरं वाटलं की तेवढे दिवस भरून द्यायचे. दुखणं बरं होण्यातलं नसेल तर दर रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं.

हे ऐकून आहारवालीने वही मिटली. वर नऊ नंबरच्या खाटेवर एक निवृत्त हेडबाई होत्या, मधुमेहाच्या. पहाटेपासून पोटात काही नाही. साखर उतरत चालली होती. बाई ना पेला धरत, ना सलाईनची सुई लावू देत. अर्ध्या तासात काही घेतलं नाही तर बेशुद्ध पडतील, आणि मग काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. "तुमचं ऐकतील कदाचित," आहारवाली म्हणाली.

ऐकतील कदाचित? खालाने फळांचा रस, सूप आणि पाव ट्रेमध्ये ठेवला आणि जिना चढायला लागली. चढता चढता मात्र मघापासून मनात सलत होतं ते वर आलं. चिमणीने रोजा म्हटलं तेव्हा सूप अजून तोंडातच होतं. मोरी दोन पावलांवर होती. थुंकता आलं असतं. पण एवढ्या माणसांदेखत खालाने चूळ भरत मोरीवर वाकायचं? म्हणून तिने गिळलं. जीभ विसरली होती, गळा विसरला नव्हता.

हेडबाई उशीला न टेकता ताठ बसल्या होत्या. केस चापूनचोपून, चष्मा नाकावर. कपाळावर घाम होता आणि थरथरते हात चादरीखाली दडवलेले. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, मग खालाकडे. आता स्वयंपाकघरातून धर्म शिकवायला माणसं यायला लागली का, असं त्यांनी विचारलं.

"मी रस आणि सूप आणलंय," खाला म्हणाली. "धर्म त्याच्यासोबत फुकट."

तिने आजाऱ्याची सूट सांगायला सुरुवात केली, तर हेडबाईंनी तिलाच मध्ये अडवून उरलेलं सांगून टाकलं, तेही एका दमात, वर्गात पाठ म्हणावा तसं. नियम त्यांना तोंडपाठ होता. पण बावन्न वर्षांत त्यांनी एकही रोजा चुकवला नव्हता. सुना चारचौघांत त्यांचा दाखला देत. शिकवलेल्या मुली अजून म्हणत, आमच्या बाईंसारखी बाई नाही. हे सांगताना त्यांचा आवाज दोनदा तुटला आणि नजर खाटेच्या कडेवरून घसरली.

खालाला ही बाई पुरती ओळखीची वाटली. अशीच एक ती रोज आरशात बघत होती. मागे आहारवाली उभी होती. इथं बोललेलं दुपारच्या आत खाली पोचणार, हे खालाला कळत होतं. तिने ट्रे खाटेवर ठेवला.

"बाई, माझा रोजा आज मोडला."

"विसरून?"

"तोंडात विसरून गेलं. गिळलं आठवून. थुंकले असते तर लोक हसले असते. वर त्याच लोकांना मी मोठ्या तोऱ्यात नियम सांगितला." खालाने पदर सारखा केला. "मी माणसांना भिऊन मोडला, तुम्ही माणसांना भिऊन धरलाय. अल्लाला विचारलं ना तुम्ही, ना मी."

हेडबाईंनी विचारलं, आता याचं काय करणार? मौलवींना सगळं जसंच्या तसं सांगणार, खाला म्हणाली, आणि ते म्हणतील तेवढं भरून देणार.

"पडदा ओढा," हेडबाई म्हणाल्या.

खालाने खाटेभोवतीचा पडदा ओढला. सूट मिळाली तरी रोजेदारांदेखत खाऊ नये, महिन्याचा मान असतो, हे तिने आहारवालीला कुजबुजत सांगितलं. हेडबाईंनी दोन्ही हातांनी पेला धरला आणि रस थेंबाथेंबाने संपवला. हाताची थरथर थांबायला वेळ लागला. मग त्यांनी पावाचा तुकडा मोडून खालापुढे केला. तुमचा मोडलाच आहे, घ्या.

खालाने मान हलवली. धडधाकट माणसाचा रोजा मोडला तरी सूर्य बुडेपर्यंत तोंड बंदच. आता काय उपयोग, असं आहारवालीने विचारलंच.

"हा महिना म्हणजे दारात आलेला पाहुणा," खाला म्हणाली. "माझ्या हातून ताट सांडलं. म्हणून मी पाहुण्याकडे पाठ फिरवून स्वतः जेवायला बसू?"

"बरोबर," हेडबाई म्हणाल्या, वहीवर खूण करावी तशा, आणि त्यांनी सुपात चमचा घातला.

अर्धं सूप पोटात गेलेलं बघूनच खाला उठली आणि भराभर जिना उतरायला लागली. आहारवालीच्या आधी तिला स्वयंपाकघर गाठायचं होतं. तिची चूक दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगावी, हे तिला चालण्यासारखं नव्हतं.