वाजंत्रीविना माती

या, जरा जवळ सरकून बसा. एगॉनची गोष्ट सांगते. स्तोत्र म्हणजे गायलेलं प्रवचन, मला ते फार प्रिय, आणि आमच्या चर्चचा पितळी वाद्यांचा ताफा ते असं वाजवी की खाणीवरून परतणारी माणसं रस्त्यातच टोप्या काढून उभी राहत. एगॉन ट्रॉम्बोन तिथेच शिकला, ट्राउगॉट मास्तरांच्या हाताखाली. मग बर्लिनला गेला, नाचघरांतल्या वाद्यवृंदांत जॅझ वाजवू लागला. रेकॉर्डी निघाल्या. त्याची आई, अल्विनाबाई, त्या कधी ऐकायच्या नाहीत. त्यांच्यावरची धूळ मात्र रोज पुसायच्या.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई आली. ताफ्यातली सात पोरं आघाडीवर गेली, एकही परतलं नाही. मास्तरांचा मुलगा लोरेन्झ त्यातलाच. एगॉनला सरकारनं आघाडीवर न धाडता बर्लिनलाच ठेवून घेतलं. देशात ज्या जॅझवर डोळे वटारायचे, तेच रेडिओवरून शत्रूला ऐकवायला वाजवणारे हवे होते.

पन्नास साली अल्विनाबाई गेल्या. ताफ्यातल्या माणसाच्या आईला कबरीवर वाजवून निरोप द्यायचा, ही आमची रीत. एगॉन ट्रॉम्बोन घेऊन तालमीच्या खोलीत आला.

"मास्तर, आईसाठी एकदा माझ्या जुन्या खुर्चीवर बसू द्या."

"आम्ही वाजवू की. तू घरच्यांत उभा राहा."

"मी ताफ्यातलाच आहे."

"बर्लिनच्या साहेबांना आमचं स्तोत्र झेपेल? पाय थिरकायला लागले म्हणजे?"

"तुमच्याकडनंच शिकलोय. चुकलो तर कान धरा."

मास्तर हसले नाहीत. "सात खुर्च्या रिकाम्या आहेत, एगॉन. त्यात तुझी नाही."

"जिवंत राहिलो हा गुन्हा झाला का?"

"गुन्हा नाही रे. पण लोरेन्झच्या रिकाम्या खुर्चीशेजारचा तुझा सूर मला सोसायचा नाही."

"मग कुणीच वाजवू नका. माझ्या आईला उपकाराचं वाजवणं नको."

मी तिथेच होते, स्तोत्रांची वही हातात घेऊन. दोघंही माझा शब्द मानत. 'त्या माउलीचा काय दोष?' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. माझा भाऊही त्या सातांतला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शवपेटी उतरली. ताफा वाद्यं काखेत धरून भिंतीपाशी उभा होता. पाद्रीबाबांनी प्रवचन नुसतं वाचलं. लाकडावर माती पडली, ती तेवढी सगळ्यांना ऐकू आली. एगॉन त्याच दिवशी गाव सोडून गेला. पुढे वीस वर्षं नाचघरांत वाजवत होता म्हणे. गावाकडे फिरकला नाही.

प्रार्थनेला बसाल तेव्हा मला विसरलात तरी चालेल. अल्विनाबाईंचं नाव मात्र घ्या. आमच्या तिघांच्या मनातल्या अढीपायी त्या तशाच गेल्या.