मधल्या कप्प्यातला निळा डबा

मी एक जुना फ्रिज आहे. एका दाराचा, वर बर्फाचा छोटा कप्पा असलेला, आणि दाराला डाव्या बाजूला पोचा पडलेला. आमची जात तशी अबोल. घुं घुं करायचं, थंड राहायचं, कोण चोरून साय खातं ते पोटात ठेवायचं. पण मित्रांनो, यंदा माझ्यावर आळ आला, आणि माझ्यापेक्षा मोठा आळ एका भल्या बाईवर आला. आता मी गप्प बसणार नाही. ही गोष्ट लहानांसमोर बोलू नये, असं काही मोठी माणसं म्हणतील. म्हणू देत. मोठ्यांनी गप्प बसून काय दिवे लावले, ते ऐकाच.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवून अंग घडवलं, दाराला रबर बसवलं, आणि एका तपासनीस बाईंनी दार बारा वेळा उघडून मिटून मला पास केलं. मग थोरल्या बाईंनी मला घरी आणलं. तेव्हा त्यांचा मुलगा शाळेत होता. दारावरचा पोचा त्याच्याच चेंडूचा. काय कौतुक होतं माझं! शेजारणी बर्फ मागायला येत आणि थोरल्या बाई मान ताठ करून सांगत, "आमचा फ्रिज म्हणजे सोनं हो, एक दिवस आजारी नाही पडला." पुढे कौतुक आटलं. माझ्या डोक्यावर जुनी मासिकं आली, रबरात काळी बुरशी आली. कुणाला काय त्याचं! दार लाथेने लावायची सवय सगळ्यांनाच.

मुलगा मोठा झाला, त्याने चष्म्याचं दुकान काढलं. म्हणून मी त्याला चष्मेवाला म्हणतो. दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावतो, आणि स्वतःला घरातलं ढळढळीत दिसत नाही. त्याचं लग्न झालं आणि घरात धाकटी आली. ती ग्रंथालयात काम करते. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिने जुना दातांचा ब्रश घेऊन माझं रबर घडीघडीतून साफ केलं. इतक्या वर्षांत कुणी केलं नव्हतं ते. तेव्हापासून मी तिचा.

लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. थोरल्या बाई तोंडाने काही म्हणत नसत, पण उसासे असे टाकत की भांडी शहारावीत. त्यांची बहीण, म्हणजे चष्मेवाल्याची मावशी, मात्र तोंडाची फाटकी. महिन्यातून एकदा येई आणि धाकटीच्या पोटाकडे बघतच चप्पल काढी. धाकटी ऐकून घेई. चष्मेवालाही ऐकून घेई, आणि त्याचाच मला संताप येई. कारण खरं काय ते मला ठाऊक होतं. तपासणी दोघांची झाली होती. धाकटीचं सगळं ठीक होतं. कमतरता चष्मेवाल्यात होती. तो कागद त्याने पाकिटात घालून कुठे लपवला असेल? माझ्या डोक्यावर, मासिकांखाली! आणि बायकोला म्हणाला, "आईला एवढ्यात नको सांगूस. तिला सहन व्हायचं नाही."

"आणि मला होतं?" तिने विचारलं. त्याने पाण्याची बाटली काढली आणि दार लावून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी उपाय काढला. धाकटीच्या पोटातली बीजं औषधाने वाढवायची, ती बाहेर काढायची आणि काचेच्या बशीत त्याच्या बीजाशी त्यांची गाठ घालून द्यायची. आता न्याय बघा, मित्रांनो. दोष याचा आणि सुया तिला! रोज संध्याकाळी आठच्या ठोक्याला पोटात एक सुई. ते औषध आलं एका निळ्या डब्यात आणि ठेवलं माझ्या मधल्या कप्प्यात. दोन ते आठ अंशांत ठेवायचं, गोठू अजिबात द्यायचं नाही, असं नर्सने तीनदा बजावलं होतं. मी कामाला लागलो. चार अंश म्हणजे चार अंश. आयुष्यात इतकं मन लावून मी दूधही सांभाळलं नव्हतं.

थोरल्या बाईंनी विचारलं, "हा डबा कसला रे?"

चष्मेवाला म्हणाला, "काही नाही गं, हिची ताकदीची इंजेक्शनं."

झालं! सगळी माती या एका वाक्याने केली. खरं सांगितलं असतं तर त्या माउलीने डब्यापुढे पहारा दिला असता. पण ताकदीच्या औषधाची कोण पर्वा करतं?

चौथ्या दिवशी मावशी जेवायला यायची होती. थोरल्या बाईंनी सकाळीच कस्टर्डचं भलंमोठं पातेलं केलं. ते मधल्या कप्प्यात मावेना. घरात दोघंही नव्हती, कामावर गेली होती. थोरल्या बाईंनी निळा डबा उचलला, जरा विचार केला, आणि वर बर्फाच्या कप्प्यात सारला. मी काय करणार? घुरघुरलो, थडथडलो. त्या म्हणाल्या, "काय झालं याला?" आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. दिवस कलला तेव्हा पातेलं रिकामं झालं, डबा परत खाली आला आणि आठ वाजेपर्यंत औषध वितळलंही. आठ वाजता धाकटीने सुई भरली, ओठ दाबले आणि टोचून घेतली. ते औषध केव्हाच मेलं होतं. मला कळत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. पुढचे पाच दिवस ती ते मेलेलं पाणी पोटात घेत राहिली. पोटावर हिरवेनिळे डाग पडले. तिने झबल्यासारखे ढगळ कपडे घालून ते झाकले, कारण घरात कुणाला सांगायचं नव्हतं ना!

तपासणीत काही वाढलेलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही खेप थांबवावी लागेल, शरीर साथ देत नाहीये. धाकटी घरी आली, भाजी काढायला म्हणून तिने माझं दार उघडलं आणि तशीच खाली बसली. "माझंच शरीर," ती म्हणाली. "आता माझ्यातच काही आहे." माझी सगळी थंड हवा तिच्या तोंडावर जात होती आणि ती दार लावत नव्हती.

चष्मेवाल्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काय अक्कल पाजळली? "फ्रिज जुना झालाय. याच्यातच बिघाड असेल. टाकूनच देऊ."

माझ्यात बिघाड! अरे, 'घराच्या इमानदार नोकरा' असं कधी म्हटलंस का मला? वर तुझं पाकीट सांभाळलं मी, आत तिचं औषध सांभाळलं, आणि बिघाड माझ्यात? पण धाकटी पुस्तकांत वावरणारी. पुरावा पाहिल्याशिवाय मानणारी नाही. तिने एक तापमापी आणून मधल्या कप्प्यात लटकवली आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत मांडू लागली. बारा दिवस. चार, चार, चार, फार तर पाच. तिने वही मिटली आणि माझ्या दारावर हात फिरवला. पण मी निर्दोष ठरलो तशी ती आणखीच दोषी ठरली. मला ते सुटणं नको होतं.

रविवारी मावशी पुन्हा आली. सगळे घरात होते. पाणी घ्यायला तिने दार उघडलं आणि तापमापी बघून खिदळली, "हे काय गं, फ्रिजला ताप आलाय?"

"त्याला बिघडलाय म्हणतात ही पोरं," थोरल्या बाई फणकारल्या. माझ्यावरचा आळ त्यांना सहन होईना. "काही बिघडलेला नाही! तू मागे आलीस ना, कस्टर्डसाठी जागा नव्हती म्हणून हिच्या सुया मी दिवसभर बर्फात ठेवल्या. दगड झाल्या होत्या दगड! असा बर्फ नवा फ्रिज तरी पाडेल का?"

धाकटीच्या हातातला पेला खाली आला. "आई, कुठल्या सुया?"

"त्याच गं, ताकदीच्या. परत ठेवल्या की खाली."

मावशीला काही कळलं नाही, पण बोलल्यावाचून राहवेना. "जाऊ दे गं. फ्रिज बदलता येतो. सून कशी बदलणार?"

मित्रांनो, वीस वर्षांत माझ्या मोटरीने असा आचका दिला नव्हता. मासिकं सरकली. आणि चष्मेवाला उठला. त्याने माझ्या डोक्यावर हात घातला, पाकीट काढलं आणि आईच्या हातात दिलं. "तिच्यात काही दोष नाही," तो म्हणाला. "माझ्यात आहे. ती ताकदीची औषधं नव्हती, मुलासाठी होती. मी लाजेपायी खोटं बोललो म्हणून तू ती बर्फात ठेवलीस. मावशी, तुला बोलायचं तर मला बोल."

मावशीला अचानक काम आठवलं. थोरल्या बाई कागद उलटा धरून रडत होत्या. "माझ्या हाताने गं," एवढंच म्हणत होत्या.

चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं. शाबासकीची वाट बघत असावा. ती म्हणाली, "चार वर्षं लागली तुला. चार वर्षं मी तुझ्या वाटचं ऐकलं." आणि ती बाहेर गेली. बरं केलं. सगळ्याच गोष्टी लगेच माफ करायच्या नसतात.

दोन महिन्यांनी नवा निळा डबा आला. या वेळी औषध भरायचं काम चष्मेवाल्याकडे आहे. आठला पाच कमी असताना तो हात धुऊन माझ्यापुढे उभा राहतो. मूल होईल की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही नाही. झालं नाही, तरी निदान आता ज्याचं ओझं त्याच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची निगा राखा, रबर पुसा, दार हाताने लावा. आणि एखाद्या बाईला नाव ठेवण्याआधी तिच्या घरात कोण गप्प बसलंय, ते जरा बघा.

थोरल्या बाईंनी वीस वर्षं माझं दार कुणाला न विचारता उघडलं. मी त्यांच्याच मालकीचा ना! पण काल त्या दुधाची पिशवी हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या, मुठीवर हात ठेवला आणि थांबल्या.

"अगं," त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून हळूच विचारलं, "उघडू का?"