मुलाम्याखालचं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी सोनेरी तबकडी आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, माझ्यावर जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या मधल्या गोल कागदावर एका लाडक्या गायकाचं नाव आहे. मी जिच्यात बसवलेली होते त्या काचेच्या चौकटीच्या खालच्या पट्टीवर 'दहा लाख प्रती' असं कोरलंय. त्या दहा लाखांशी माझा काडीचाही संबंध नाही. माझ्यात जी गाणी आहेत, त्यांच्या प्रती खपल्या त्रेचाळीस. हो, त्रेचाळीस! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मी मधे बोलू देणार नाही.

माझा जन्म तबकड्यांच्या कारखान्यात झाला. काळ्या रंगाचा एक ऊन ऊन गोळा दोन साच्यांच्या मध्ये ठेवायचे, वरून दाब द्यायचे, की अर्ध्या मिनिटात तबकडी तयार. कडेचा वाढीव भाग कापला, अंगावरच्या बारीक खाचा उजेडात धरून तपासल्या आणि मला पाकिटात घातलं. तेव्हा मी काळीभोर आणि दिसायला छान होते, हे माझं मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायला उरलेलं नाही.

माझ्यातला गायक पोटापाण्यासाठी पियानो सुरात लावून देत असे. लोक त्याला सुरवाले म्हणत. त्या काळी गायक म्हटला की तो छाती फुगवून, समोर हजार माणसं बसल्यासारखा गायचा. सुरवाले मात्र शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एकाच माणसाला काहीतरी सांगावं, तसे हळू गायचे. ओळीचा शेवटचा शब्द किंचित उशिरा सोडायचे. ऐकणाऱ्याचा जीव तेवढा वेळ टांगणीला लागायचा. आज हे तुम्हाला नवीन वाटणार नाही, कारण आज सगळेच असं गातात. तेव्हा दुकानदारांनी नाकं मुरडली. "हा काय झोपेतून उठून गातोय का?" असंही एक जण म्हणाला. पाचशे प्रती निघाल्या, त्रेचाळीस गेल्या, बाकीच्या आम्ही परत कारखान्याच्या कोठारात.

सुरवाल्यांना ते फार लागलं. त्यांनी स्वतःजवळच्या सहा प्रतीही आणून परत दिल्या आणि म्हणाले, "ह्याही वितळवा. काहीतरी कामाचं बनवा." त्यानंतर ते कधी गायले नाहीत.

दहा वर्षं मी कोठारात धूळ खात पडले होते. मग एक दिवस बाहेर एकच गडबड उडाली. तो लाडका गायक गाण्याच्या दुनियेत आला होता आणि त्याच्या तबकडीने खपाचे सगळे आकडे मोडले होते. लोकांनी त्याला अक्षरशः डोक्यावर घेतलं होतं. बसचालक त्याची गाणी शिट्टीवर वाजवत, भाजी चिरताना बायका ती गुणगुणत. ह्यात मला कमीपणा वाटत नाही. इतक्या घरांत गाणं पोचवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण मालाला मागणी इतकी होती की कारखान्याला काळा माल पुरेना. म्हणून कोठारातल्या माझ्या बहिणी वितळवल्या आणि त्यांच्यातून त्याच्या तबकड्या काढल्या. आमची मूळ ध्वनिफीतही पुसून तिच्यावर दुसरं काहीतरी भरलं.

मी वाचले ती एका जुन्या रिवाजामुळे. मोठा खप झाला की गायकाला सोनेरी तबकडी भेट द्यायची. पण त्यासाठी खपणारी प्रत कोण वाया घालवणार? व्यवस्थापक कामगाराला म्हणाला, "कोठारातली कुठलीही एक उचल, सोन्याचा मुलामा दे, मधला कागद बदल आणि काचेत बसव. कोण वाजवून बघणार आहे?"

आणि खरंच, पुढची चाळीस वर्षं कुणी वाजवून बघितलं नाही. मी गायकाच्या दिवाणखान्यात, पियानोच्या बरोबर वर टांगलेली होते. पाहुणे यायचे, मान वर करून माझ्याकडे बघायचे आणि "वा!" म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं. चकाकायला कुणाला आवडत नाही?

पण वर्षातून दोनदा माझी झोप उडायची. पियानो सुरात लावायला सुरवाले स्वतः यायचे! माझ्यापासून दोन हात खाली बसून ते एकेक तार ताणत, कान लावत, पुन्हा ताणत. त्यांचा आवाज माझ्या अंगात आणि त्यांचं डोकं माझ्याखाली. ओरडून सांगावंसं वाटायचं, "अहो, वर बघा, मी तुमची आहे!" पण सुईशिवाय मला कुठला आवाज? गायकही त्यांना स्वतःच्या हातानं चहा द्यायचा आणि काहीतरी बोलायचं असल्यासारखा उभा राहायचा. मग हवापाण्याचं बोलून आत निघून जायचा.

पुढे सुरवाल्यांचे गुडघे गेले आणि त्यांच्या जागी त्यांची मुलगी यायला लागली. तीही त्याच कामात तयार झालेली, हातात तीच अवजारांची पिशवी. बोलायला एकदम मोकळी.

एका सकाळी काम आटोपल्यावर गायकाच्या बायकोनं तिला चहाला बसवलं. गायक कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होता.

"तू गात नाहीस का गं?" बायकोनं विचारलं.

"बाबा गाऊ देतील तर ना, काकू! घरात गुणगुणलं तरी उठून जातात. एके काळी ते स्वतः गायचे म्हणे. तबकडीसुद्धा निघाली होती. मी एकदाही त्यांचा गाता आवाज ऐकलेला नाही. पंधरा वर्षं शोधतेय, जुन्या बाजारात, रेडिओवाल्यांकडे, कुठे कुठे गेले. एक प्रत मिळेल तर शपथ. आता बाबा ब्याऐंशीचे झाले. ते आहेत तोवर एकदा ऐकायचंय, बाकी काही नको."

वर्तमानपत्र जागचं हललं नाही. पानही उलटलं नाही.

मुलगी उठली आणि कप ठेवताना तिची नजर माझ्यावर गेली. कामच बारकाव्याचं, त्यामुळे डोळे तसेच झालेले. ती स्टुलावर चढून काचेला नाक लावून बघायला लागली.

"काका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"ह्या कागदावर एका बाजूला सहा गाणी लिहिलीत. दोन गाण्यांच्या मध्ये मोकळी रेघ असते ना? त्या रेघांवरून मोजलं तर चारच भरतात. ही तबकडी तुमची नाहीये."

गायकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माझी नाही म्हणजे? समारंभात, सगळ्यांसमोर दिलीय मला!"

"मोजा ना तुम्हीच."

त्यानं चष्मा पुसून मोजलं, दोनदा मोजलं. बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली. "चाळीस वर्षं कुणाची तरी तबकडी मिरवताय होय!"

"हसू नकोस. स्क्रू काढायचं हत्यार दे गं पोरी."

"अहो, सुई लागली की सोनं खरवडून निघेल," बायको म्हणाली. ह्या वेळी ती हसत नव्हती.

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही घाबरलेच होते, उगाच शूरपणाचा आव आणत नाही. मुलामा गेला तर भिंतीवरची जागा गेली. पण पन्नास वर्षं पोटात धरून ठेवलेलं गाणं बाहेर पडणार होतं, आणि जिला ते हवं होतं ती समोरच उभी होती. मनात म्हटलं, जाऊ दे ते सोनं.

"निघू दे," गायक म्हणाला.

मला काचेतून काढून कोपऱ्यातल्या तबकडी वाजवायच्या यंत्रावर ठेवलं आणि सुई टेकली. आधी नुसती खरखर. तिच्यातून पियानो ऐकू आला, आणि मग सुरवाले गायला लागले, हळू, शेजारी बसल्यासारखे.

मुलगी कान देऊन ऐकत होती. "काय सुंदर गातोय! कोण आहे हा?"

गायक तिसऱ्याच शब्दाला उभा राहिला होता. त्याचे डोळे भरून आले होते. "अगं, हे तुझे बाबा."

ती तोंडावर हात धरून यंत्राजवळ सरकली. बाजू संपेपर्यंत तिनं तोंडावरचा हात काढला नाही.

सुई उचलल्यावर गायक बोलायला लागला. "विकत घेणाऱ्या त्रेचाळीसांतला मी एक. एकोणीस वर्षांचा होतो. घासून घासून ती तबकडी झिजवली मी. पुढे घर बदलताना फुटली. हळू गाणं, शेवटचा शब्द उशिरा सोडणं, सगळं तिथून उचललं. माझ्यावरून बाकीच्यांनी उचललं. दहा लाख माझे खपले, पण गाणं त्यांचं होतं. ते ह्या घरात वर्षानुवर्षं येत होते आणि माझ्या तोंडून एवढं एक वाक्य निघालं नाही. लाज वाटायची, आणि खरं सांगू? भीतीही वाटायची."

"मग आता त्यांनाच सांगा," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "मला सांगून काय उपयोग?"

त्याच दुपारी मी गायकाच्या काखेत होते आणि तबकडी वाजवायचं यंत्र मुलीच्या हातात. सुरवाल्यांची खोली छोटी, भिंतीशी उघडा पियानो, पलंगाखाली तारांची वेटोळी. म्हातारे खुर्चीत बसले होते. मुलीनं यंत्र टेबलावर ठेवलं आणि मला लावलं.

पहिल्या ओळीला ते उठायला निघाले. पण ह्या वेळी मुलीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, बसा. मी पंधरा वर्षं शोधलंय हे."

ते बसले. गायक पुढे आला, वाकला आणि म्हणाला, "मी तुमच्याकडून शिकलो. सगळंच. सांगायला फार उशीर केला, माफ करा."

सुरवाल्यांनी त्याला हाताला धरून सरळ उभं केलं. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं. वाटलं, कदाचित तुम्हाला आठवत नसेल."

मित्रांनो, आता मी भिंतीवर नसते, ह्याच खोलीत असते. माझं सोनं जागोजागी गेलंय आणि खालचा काळा रंग दिसतो. पहिल्याच आठवड्यात मुलीनं माझ्यावरून नवी ध्वनिफीत करून घेतली, म्हणून मी फुटले तरी आता चिंता नाही. माझं एवढंच सांगणं आहे. किती खपलं ते जरूर विचारा, त्यातही कुणाचे तरी कष्ट असतात. पण एखादं गाणं आवडलं तर ते कुणाकडून आलं हेही विचारा, आणि तो माणूस हयात असेल तर त्याच्या दारात जाऊन सांगा. जुन्या तबकड्या कडेनं धरा, पाकिटात उभ्या ठेवा, आणि वितळवण्याआधी निदान एकदा वाजवून बघा.

त्या दुपारी पहिली बाजू संपली आणि सुई नुसतीच खरखरत राहिली. सुरवाल्यांनी घसा खाकरला, मुलीकडे बघितलं आणि म्हणाले, "उलटी कर. त्या बाजूचं दुसरं गाणं मी जास्त चांगलं म्हटलंय. बस इथे, तुला शिकवतो."