न चिरलेलं लिंबू

चैत्र संपत आला की हिर्डोशीच्या आमच्या घरात दुपार आधी वासाने कळायची. न्हाणीचं पाणी जिथे वाहत जाई तिथल्या ओलीवर पुदिना माजलेला असे. थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सारे आक्का म्हणत असू, त्यातला मूठभर खुडून तळहातावर चोळायच्या, आणि तो हिरवा, शीतल, किंचित तिखट गंध माजघराच्या अंधारात असा पसरायचा, की वरंध्याच्या घाटाकडून येणारी तापली झळ उंबऱ्याशीच थबकावी. मग विळी मांडून लिंबू चिरायचं, माठातल्या पाण्यात गूळ विरघळवायचा, चिमूटभर मीठ घालायचं आणि तांब्यावर ओलं फडकं टाकून सारं निवू द्यायचं. एवढंच ते सरबत. पण आक्कांच्या सावळ्या, लांबट बोटांना त्या कामात एक संथ लय होती. बाई बोलायला जितकी फटकळ, तितकीच हाताने हळुवार.

ते सरबत खरं ठकूचं. ठकू त्यांची एकुलती एक लेक, सहा वर्षांची. पेला तोंडाला लागला की तिचे डोळे मिटायचे, आणि तो रिकामा झाला की आईच्या ओंजळीत नाक खुपसून वास घेत बसायची. "अगं, माजं हात तरी ठिव," असं आक्का म्हणायच्या, आणि हात मात्र काढून घ्यायच्या नाहीत.

मी पासलीहून लग्न होऊन आले, हे सारं जेमतेम महिनाभर पाहिलं, आणि त्याच उन्हाळ्यात ठकूला देवी आल्या. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद झाली आणि विळी उचलून माळ्यावर गेली. देवी घरात असताना काही चिरायचं नाही. पातं चाललं तर ते पोरीच्या अंगावरच्या फोडांवर चालतं, असं सगळे मानत, मीही मानत होते. शेजारणीने तिच्या नावाने चिरलं तरी तेच. आंबटाला कुणाची ना नव्हती. अडलं ते फक्त चिरण्यापाशी.

पोरीने दुसरं काही मागितलंच नाही. ओठ फुटलेले, पापण्या चिकटलेल्या, आणि भिंतीकडे तोंड करून एकच धोशा, "आय, सरबत दे की गं." आक्का ताक पुढे करायच्या, नाचणीची आंबील पुढे करायच्या, ती मान फिरवायची. "देवी जाऊ दे बाय, मग तांब्याभर देती," असं त्या समजावायच्या. नवव्या दिवशी देवी गेल्या, त्या तिला घेऊनच. सरबताने ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण पोर तहानलेली गेली.

आक्का रडल्या नाहीत. मला त्या न रडण्याचीच भीती वाटायची. भात लावला, नाचणी दळली, गुरांचं शेण काढलं, सगळं वेळच्या वेळी. पण त्यांचा फटकळपणा गेला, आणि माझ्या हातून काही सांडलं तरी त्या नुसत्या बघत राहायच्या. पुदिना कुणी खुडेना. तो आपला वाढला, फुलला आणि वाळून गेला.

पुढच्या वैशाखात थोरले भावजी, आक्कांचे मालक, शेतातून उन्हाने घेरी येऊन परतले. आक्का पाण्याला गेलेल्या, विळी हाताशी सापडेना. मी घाईने लिंबू पाट्यावर दाबून मऊ केलं, कुंपणाच्या बाभळीचा काटा मोडून त्याला टोचला आणि पिळलं. बारीक धार लागली. पासलीला रानात गेल्यावर आम्ही असंच पिळायचो, लहानपणापासूनची हाताची सवय. भावजींना पेला देऊन वर पाहिलं तर दारात आक्का, डोक्यावर हंडा तसाच.

"हे कवा शिकलीस, सगुणे?"

बाई गं, मला ते तेव्हाही ठाऊक होतं! पोर मागत होती ते नऊही दिवस माझ्या जिभेच्या टोकाशी होतं. पण महिन्याभराची नवी सून मी, मोठ्यांत तोंड कसं उघडायचं, आणि देवीचं काही अधिकउणं झालं तर खापर कुणावर फुटायचं? मी मेली पदर तोंडाशी धरून गप्प बसले होते.

"आत्ताच सुचलं, आक्का. इळी गावंना म्हून."

त्यांनी हंडा उतरवला. माझ्या हातातला काटा घेऊन दुसरं लिंबू टोचलं, पिळलं आणि धार संपेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिल्या. "मला कसं न्हाई सुचलं गं," एवढंच म्हणाल्या, बाजारात भाव विचारावा तशा कोरड्या आवाजात.

त्यानंतर वीसएक उन्हाळे त्यांनी तसंच सरबत केलं, घाटाने येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून पाजलं, स्वतः कधी घोटभर घेतलं नाही. "आय म्हून मला सुचाया पायजे हुतं," असं दरवर्षी एकदा तरी म्हणायच्या, आणि दरवर्षी मी शेजारी बसून पुदिना चोळत ते ऐकून घ्यायची. आक्का, तुमची चूक नव्हती, मला ठाऊक होतं, हे म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण मग त्यांचं ओझं माझ्या अंगावर आलं असतं, म्हणूनच मी बोलले नाही. लाज वाटायची तीही हळूहळू बधिर होत गेली.

आक्का गेल्या त्यालाही आता पुष्कळ पावसाळे झाले. मला भिवविणारं माणूस या घरात कुणी उरलं नाही, जीभही मोकळी झाली आहे. काळाने मला बोलायची सगळी मुभा दिली, ऐकणारी तेवढी नेली.