छपराखालची बाग

मी बाग बोलतेय. अलिबागेतल्या एका लग्नाच्या कार्यालयाच्या पोटात, चारी बाजूंनी भिंती आणि वर कौलं, अशा जागी मी वाढले. अशी बाग तुम्ही क्वचितच पाहिली असेल, म्हणून आधीच सांगून टाकते.

एकोणीसशे सव्वीस साली एका वकिलांनी हे कार्यालय बांधलं. जेवणाच्या दालनाच्या मधोमध त्यांनी मला लावलं. मोगरा, अनंत, कर्दळ, सोनटक्का आणि कोपऱ्यात केळ. ताटांवर कावळ्यांनी झडप घालू नये म्हणून वर छप्पर घातलं आणि मला उजेड मिळावा म्हणून त्यात मधूनमधून काचेची कौलं बसवली. लग्न ठरवायला येणारी माणसं आधी मोरी पाहायची, मग चुली, आणि मग माझ्याकडे वळायची. मला पाहिलं की बायकांचा आवाज खाली यायचा. मला त्याचा फार अभिमान होता.

वकील गेले. कार्यालय त्यांच्या पत्नी नीराबाईंकडे आलं आणि कारभार त्यांच्या दिरांकडे, दत्तात्रेयपंतांकडे. त्याच सुमारास आवारातली विहीर मचूळ झाली. तेच पाणी मला मिळत राहिलं. केळीच्या पानांच्या कडा करपल्या, अनंताच्या कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. चार माळी आले, शेण घालून गेले. शेवटी पंत म्हणाले, "वहिनी, ही काढून शहाबादी फरशी घालू. आणखी दोन पंगती बसतील." नीराबाई माझ्याकडे न पाहताच "बरं" म्हणाल्या. त्या एका शब्दाने माझं सगळं संपल्यासारखं झालं.

चौतीसच्या श्रावणात बायजा आली. रेवसच्या वाटेवर खाडीकाठी तिचं गाव. नवरा वारलेला. मिठागरात काम आणि खारातली थोडी भातशेती. पायांना चिखल, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"कार्यालय पायजे, पंत. मार्गशीर्षात. माज्या राहीचं लगीन हाय."

पंतांनी वर पाहिलं. "तुमची लग्नं तुमच्या अंगणात होतात. तुमच्या लोकांना हे कार्यालय आजवर दिलेलं नाही."

"आंगन ऱ्हायलं न्हाय. उधाणानं बांध फुटला. दर भरतीला पानी दारात येतंय, देवळात बी येतंय. बांध घालायचा तो उन्हाळ्यात. व्याही बोलला, यंदा मांडव पडला न्हाय तर सोयरीक मोडली."

"त्याला मी काय करू? जा, बाई."

ती गेली नाही. उंबऱ्यावरून तिची नजर माझ्यावर पडली. पागोळीखाली पाय धुऊन ती सरळ आत आली, वाकली आणि माझी चिमूटभर माती उचलून तिने जिभेवर ठेवली.

"हिला मीठ लागलंय," ती म्हणाली. "शेण घालून काय होनार?"

पंत ओरडणार, तोच आतून नीराबाई आल्या. "काय म्हणालीस?"

"आमची खारी जमीन पाऊस धुतो, बायसाहेब. हिच्या डोईवर छप्पर. हिला कोन धुनार? कौलं काढा. पाऊस आत येऊ द्या. चर मारून पानी भाईर काढा. ही जगंल."

"कार्यालयात पाऊस?" पंत हसले. "आणि मेली तर?"

"मेली तर मी पुन्हा दारात येनार न्हाय. जगली तर माज्या राहीचं लगीन हितं."

नीराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. किती महिन्यांनी पाहिलं! "पंत, फरशी दिवाळीपर्यंत थांबेल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी बायजा दीर रावजीला घेऊन आली. रावजीने माझ्यावरची कौलं उतरवली. बायजाने कुदळीने चर खणला आणि भिंतीला भोक पाडून तो बाहेरच्या गटाराला जोडला. आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर पाऊस पडला. खरं सांगते, आनंद नाही झाला, भीती वाटली. मुळापर्यंत पाणी शिरलं, साचलं आणि हळूहळू वाहून गेलं. पुन्हा साचलं, पुन्हा गेलं. पंत दालनातल्या सतरंज्या गोळा करत पुटपुटत होते.

बायजा दर आठ दिवसांनी पायपीट करत यायची. चराच्या तोंडाशी ओंजळ धरून पाणी चाखायची. "खारं." पुढच्या खेपेला, "अजून हाय." मध्यंतरी मोगरा कुजून मेला. पंत म्हणाले, "बघ, झालं?" बायजा खाली वाकली. मेलेलं झाड उपटलं, चर हातभर खोल केला आणि निघून गेली. भाद्रपद सरता सरता तिने पाणी चाखलं आणि पदराने तोंड पुसलं. "ग्वाड," ती म्हणाली. पंतांना पटेना. त्यांनी स्वतः ओंजळ धरली. चेहरा वाकडा झाला नाही, तेव्हा नीराबाई मोठ्याने हसल्या.

दिवाळीला केळीने नवं पान सोडलं.

मार्गशीर्षातल्या लग्नाच्या सकाळी वऱ्हाड आलं, तर पुढच्या दाराला कडी. पंतांनी मागचं, मोरीकडचं दार उघडून ठेवलं होतं. "तिकडून या. जागा तीच आहे," ते म्हणाले.

बायजा पायरीवर उभी राहिली. मागे वाजंत्री थांबली. व्याही कपाळाला आठ्या घालून बघत होता. इथे आवाज चढला तर लग्न मोडायचं, हे तिला कळत होतं.

"पंत," ती हळूच पण ठाम बोलली, "मी कार्यालय मागितलं व्हतं. मोरी न्हाय."

मग आतून पावलं आली आणि नीराबाईंनी स्वतःच्या हाताने कडी काढली. "या, विहीणबाई, आत या," त्या व्याह्याच्या बायकोला म्हणाल्या. वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

राहीच्या अक्षता माझ्यातही पडल्या. कितीतरी दिवस चिमण्या त्या टिपत होत्या.

त्याला आता चार वर्षं झाली. खाडीकाठच्या गावांतली नऊ लग्नं त्यानंतर इथे लागली. बायजाचे गुडघे दुखतात, तिला येववत नाही. विहीर अजून मचूळच आहे, म्हणून माझ्यावरची कौलं दर श्रावणात उतरवतात; यंदा उतरवताना पंत स्वतः शिडी धरून उभे होते, आणि कौल फुटलं म्हणून रावजीवर ओरडतही होते. मी पूर्वीसारखी भरगच्च नाही. मोगरा पुन्हा धरला नाही. पण सोनटक्का असा फोफावलाय की त्याला आवरावं लागतं.

माझी एक विनंती आहे. पंगतीतून उठल्यावर माझ्यात हात धुऊ नका आणि पान थुंकू नका. मीठ मी सोसलं, हे नाही सोसवत. बाकी पोरांनी फूल तोडलं तर तोडू द्या.

माघातले दोन मुहूर्त अजून मोकळे आहेत. घरात लग्न निघालं असेल तर या.