तक्त्यात नसलेला रकाना
सगळी गल्ली त्यांना ताई म्हणायची; त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले आजोबासुद्धा. औषधांचं दुकान चालवता चालवता एकोणीस वर्षं गेली, पण सरकारच्या नजरेत भरण्याचं भाग्य त्यांना लाभलं ते या वर्षी.

झालं असं, की दुखणं मारणाऱ्या गोळ्यांच्या आहारी गेलेल्यांना त्यातून सोडवायला एक वेगळी गोळी असते. रोज जिभेखाली ठेवायची, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. सरकारनं ठरवलं, की हिची प्रत्येक चिठ्ठी संगणकावर चढवायची आणि तिच्यावर डोळा ठेवायचा. ज्या गोळ्यांनी व्यसन लागलं, त्यांचा नंबर पुढच्या टप्प्यात होता. पुढचा टप्पा कधी, ते कुणी सांगत नव्हतं.

आसपासच्या चार दुकानदारांनी शहाणपणा केला. नसतं झेंगट नको, म्हणून ती गोळी ठेवणंच बंद केलं. त्यांचे रुग्ण साहजिकच ताईंकडे आले. खप तिप्पट झाला, संगणकाला शंका आली आणि एका सकाळी निरीक्षक दारात उभा राहिला.

माणूस तसा सज्जन. चहा नको म्हणाला, पाणी प्यायला. या गोळ्या इथेच एवढ्या का जातात, असं त्यानं विचारलं. बाकीचे ठेवत नाहीत म्हणून, ताईंनी सांगितलं. मग बाकीचे का ठेवत नाहीत?

"तुम्ही येता म्हणून," ताई म्हणाल्या.

हे लिहायला त्याच्या तक्त्यात रकाना नव्हता. त्यानं त्या गोळ्यांच्या कपाटाला सील ठोकलं. चौकशीला तीन आठवडे लागतील, म्हणाला. तोवर रुग्णांनी काय करायचं, असं विचारल्यावर त्यानं एक छापील पत्रक दिलं. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: औषध एक दिवसही चुकवू नये.

ताईंनी डॉक्टरांना फोन केला. त्यांनाही नोटीस आली होती. सध्या नवी चिठ्ठी लिहायला त्यांचा हात धजत नव्हता.

तिसऱ्या दिवशी वेल्डर आला. परांचीवरून पडून पाठ मोडलेला, गोळ्यांपायी संसार उधळायला निघालेला आणि आता चौदा महिने सरळ चाललेला माणूस. गोळी चुकल्यानं नाक गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या.

"ताई, चोरून गोळ्या विकणाऱ्या त्या जुन्या माणसाकडे गेलो तर अर्ध्या तासात माल मिळेल," तो खाली बघत म्हणाला. "तिथे चिठ्ठीही लागत नाही. म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

ताईंनी भर दुपारी शटर ओढलं आणि या गोळीच्या बाकीच्या दहाही रुग्णांना फोन लावले. वेल्डर धरून दहा जण जमले. त्यांच्यातला एक रंगारी तेवढा फोन उचलेना. त्या दहा जणांना घेऊन ताई थेट निरीक्षकाच्या कार्यालयात गेल्या आणि भेटीला आलेल्यांच्या बाकांवर सगळ्यांना बसवलं.

साहेब बैठकीत होते. कागद वर गेलाय, कारकुनानं सांगितलं. ताई म्हणाल्या, येईल की खाली, आम्ही बसतो. मंडळी बसली, घामाघूम, कुडकुडत. तासाभरात एक बाई कचऱ्याच्या डब्यात ओकली. वेल्डर उठून कारकुनाच्या टेबलाजवळ गेला, तेव्हा कारकुनानं घाईघाईनं फायली छातीशी धरल्या. तीन आठवड्यांची चौकशी पावणेचारला पूर्ण झाली. ताई निर्दोष होत्या. निरीक्षक स्वतः सील काढायला आला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाऱ्याची बायको दुकानात आली. तो आदल्या दिवशीच जुन्या माणसाकडे गेला होता. अंगाला सवय राहिली नव्हती, प्रमाण मात्र जुनंच घेतलं. श्वास थांबता थांबता शेजाऱ्यांनी दवाखान्यात पोहोचवला होता.

ताईंनी संगणक उघडला. जुन्या माणसाच्या मालाची तिथे नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता. रंगाऱ्याच्या नावापुढे हिरवी खूण होती: चिठ्ठी घेणं थांबवलं, प्रगती समाधानकारक. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे तर संन्याशाला मरता मरता शाबासकीही मिळाली होती. ताईंनी ते बायकोला दाखवलं नाही.

बावीस दिवसांनी रंगारी दवाखान्यातून सुटला आणि दुकानात आला. उपचार पहिल्यापासून सुरू करायचे होते. डॉक्टरांनी अखेर लिहिलेली नवी चिठ्ठी संगणकावर चढवून ताईंनी गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि ती जिभेखाली विरघळेपर्यंत गिऱ्हाइकांना थांबवून त्याच्याजवळ बसून राहिल्या.