नळीतली जुनी धूळ

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. हातभर लांब, मांडीएवढी जाड. काच फुंकणाऱ्या काकांनी मला ज्योतीवर घडवलं आणि मी प्रयोगशाळेत आले.

माझं काम ऐका. पंपाने माझ्यातली हवा ओढून घेतात, किंचित वायू सोडतात, वीज देतात. मग मी आतून जांभळी पेटते. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्यात बारीक धूळ टाकली, तर ती पडत नाही! अंगावर वीज घेऊन अधांतरी राहते आणि सगळी मिळून पुढे-मागे झुलते.

माझ्यावर प्रयोग करणाऱ्या बाईंनी अकरा वर्षं हे झोके मोजले. धूळ सोडताना म्हणायच्या, "चला गं पोरींनो." त्यांची धूळ सेकंदाला नऊ झोके घ्यायची. मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. माझ्यावर फडकं टाकलं. चार वर्षं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

नंतर संशोधन करायला एक नवी मुलगी आली. तिची धूळ जाड, चारच झोके घ्यायची. पण त्या धुळीच्या वर एक पातळ थर वेगळाच झुलायचा. नऊ झोके!

तिचे मार्गदर्शक सर खूश. त्यांना कायम घाई. म्हणाले, "हा शोध आहे, शोध! सोमवारी पेपर पाठव."

पोरगी हवेत. वर्षभर राबली होती बिचारी. मला सगळं माहीत होतं, पण काचेला कुठे तोंड असतं?

शनिवारी काका माझा गळका सांधा बघायला आले. तिच्या वहीतला आकडा बघून थबकले.

"नऊ? हे तर बाईंचे झोके."

"काका, काहीतरीच! बाई जाऊन पाच वर्षं झाली."

"बाई गेल्या. त्यांची धूळ कुठे जाईल? नळी पुसली होतीस का?"

"स्वच्छच दिसत होती हो!"

"दिसत होती. बरं, आता काही न टाकता पेटव."

तिने जुना सांधा बदलून घेतला, स्वतःची धूळ सोडलीच नाही आणि बटण दाबलं. भरदुपारी, रिकाम्या माझ्यात, तळातून काहीतरी वर आलं आणि झुलायला लागलं. नऊ. नऊ. नऊ. काकांनी टोपी काढली.

सर भडकले. "अगं, वर्ष पाण्यात घालणार?"

"घालते, सर. बाईंचे झोके माझ्या नावावर नकोत."

तिने मला उघडलं, स्पिरिटच्या फडक्याने कानाकोपरा पुसला. फडकं राखाडी झालं. परत पेटवलं. नुसता जांभळा उजेड. आत कुणी नाही. स्वच्छ आहे मी आता. करमत नाही.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू हाती आली की आधी पुसा, आळस करू नका. पण पुसायच्या आधी एकदा पेटवून बघा, आत कोण आहे ते.